झाडछाटणीची हातकरवत: कोणती घ्यावी आणि डावा हात कुठे ठेवावा

नमस्कार.

प्रश्न वाचला. चिपळूणजवळ घर, परसात पंधरा वर्षांचं हापूसचं कलम, एक चिकू, एक पेरू, दोन शेवगे आणि कुंपणाला कागदी लिंबू. नोकरीतून मोकळे झाल्यावर छाटणी आपणच करायची असं ठरवून तुम्ही साडेतीनशे रुपयांची घडीची करवत मागवलीत. तिसऱ्या फांदीत पातं वाकलं, चौथ्या फांदीला ते उसळून डाव्या अंगठ्यावर बसलं आणि दोन टाके पडले. घरचे म्हणतात, आता गडी लावा. तुम्ही विचारताय, दोन हजार घालून कोणती करवत घेतली की हे पुन्हा होणार नाही?

करवत सांगतोच. पण खिशात हात घालण्याआधी एक लक्षात घ्या. पातं वाकणं आणि अंगठा कापणं हे दोन वेगळे अपघात नव्हेत. छाटणीची करवत ओढताना कापते. तिच्या दातांची तोंडं मुठीकडे, म्हणजे तुमच्याकडे वळलेली असतात. आपल्या हाताला मात्र सवय असते ती सुताराकडे पाहिलेल्या ढकलायच्या करवतीची, नाहीतर लोखंड कापायच्या हॅक्सॉची. म्हणून आपण पुढे जातानाही जोर देतो. पातळ पातं ढकलताना दाबलं की त्याची कमान होते. मग ते वाकतं तरी, नाहीतर खाचेतून उडतं तरी. आणि उडून जाणार कुठे? फांदी धरलेल्या हातावरच. तुमची करवत हलकी होती हे खरं, पण हीच चाल राहिली तर चार हजारांची जपानी करवतही वाकेल, आणि ती अंगठ्यात जास्त खोल जाईल.

माझ्या डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर आडवा पांढरा व्रण आहे. बागेच्या कामाला लागलो त्याच वर्षीचा. पेरूची जेमतेम दीड इंची फांदी होती. खाच नीट पडायच्या आत मी लांब हात मारला आणि पातं गुळगुळीत सालीवरून घसरलं. पेरूची साल तुम्हाला माहीतच आहे, तासून पॉलिश केल्यासारखी. त्या दिवसापासून सुरुवातीचे तीन-चार हात मी पात्याच्या मुठीजवळच्या भागाने, बोटभर लांबीचे आणि फक्त ओढून मारतो. खाच पडली, दात बसले, की मग पूर्ण पातं चालवायचं.

नवी करवत आली की झाडाकडे जाऊ नका. अंगणात एखादी ओली काठी दोन विटांवर ठेवून पायाने दाबा आणि वीस-पंचवीस वेळा कापा. मूठ आवळून धरू नका, हातात चिमणी धरल्यासारखी धरा. आवाज ऐका. ओढताना खर्र, परतीला गप्प. परतीलाही खरखर आली तर तुम्ही अजून ढकलताय. दहा मिनिटांत हाताला कळतं.

आता खरेदी. आधी झाडावर जाऊन, काढायच्या फांद्या किती जाड आहेत ते बोटांनी मोजून या. अंगठ्याएवढी फांदी सिकेटरने, म्हणजे एका हाताच्या छाटणीच्या कात्रीने जाते, तिला करवत लावायचीच नाही. त्यापुढे दीड इंचापर्यंत लांब दांड्याची कात्री, म्हणजे लॉपर, बरी पडते, पण आंब्याच्या दाट बेचक्यात तिचं तोंड आत शिरत नाही. तिथून करवतीचं काम सुरू होतं. पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी, नाहीतर हात मारायला जागाच उरत नाही. दात फांदीतून बाहेर येऊन भुसा सांडायला हवा. तो आतच राहिला तर करवत जड होते आणि माणूस जोर लावायला लागतो. तुमच्या परसाला आठ ते साडेनऊ इंची, म्हणजे २०० ते २४० मिमी पात्याची एक करवत पुरे. तीन-साडेतीन इंची फांदीपर्यंत ती आरामात जाते, चार-साडेचार इंचीला घाम काढते. त्याहून जाड काही उतरवायचं असेल तर ते शिकाऊ माणसाचं काम नाही, तेव्हा खरंच गडी लावा.

दातांच्या बाबतीत लोक हटकून चुकतात. जितके बारीक तितके चांगले, असं वाटतं. ओल्या लाकडात उलटं असतं. ओला भुसा ओलसर पिठासारखा चिकट असतो, त्याला बसायला दोन दातांमध्ये जागा लागते. हॅक्सॉने आंब्याची फांदी कापायचा प्रयत्न कधी केला असेल तर आठवा. चार हात मारले की दात भरून पातं नुसतं घसरतं. ओल्या फांदीला इंचाला सहा-सात दात हवेत. वाळलेली किंवा बारीक फांदी स्वच्छ कापायची तर आठ-नऊ. इथे एक घोळ होतो. जपानी करवतींवर दात इंचात नाही, ३० मिमीत मोजून लिहितात. तिथे ८ लिहिलं असेल तर इंचाचा हिशोब पावणेसातच्या आसपास येतो. दोन करवती ताडून बघताना एकीचे इंच आणि दुसरीचे मिलिमीटर घेऊ नका.

दातांचं टोक जवळून बघा. चांगल्या करवतीत प्रत्येक दाताला तीन बाजूंनी धार असते, आणि टोकं पात्याच्या मानाने निळसर-काळी दिसतात. ती टोकं क्षणभर तापवून कडक केलेली असतात, फक्त टोकं, पातं नाही. अशी धार दोन-तीन मोसम सहज टिकते. पण एकदा गेली की कानस लागत नाही, नुसती सरकते. मग पातं बदलायचं. म्हणून नुसतं पातं वेगळं मिळत असेल तीच करवत घ्या. बाजारात गावठी करवतीही आहेत, साध्या दातांच्या. त्यांना तिकोनी कानशीने धार लावता येते. ज्याला दुपारी व्हरांड्यात बसून दात घासायची आवड आहे त्याने त्या जरूर घ्याव्यात. मला पूर्वी होती, आता डोळे साथ देत नाहीत.

पातं किंचित वाकडं, विळ्यासारखं असलेलं बरं. ओढताना ते आपणहून फांदीत रुतत जातं, म्हणून वरच्या फांदीला आणि अडचणीच्या बेचक्यात हात कमी दुखतो. सरळ पातं कमरेच्या उंचीवर छान चालतं.

घडीची की म्यानातली? परसबागेला घडीची सोयीची, खिशात राहते. पण तिचा जीव बिजागरीत आणि खटक्यात असतो. दुकानात हातात घेऊन बघता आली तर उघडा, खटका बसल्याचा आवाज ऐका, मग मूठ एका हातात आणि पात्याची पाठ दुसऱ्या हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. कागदाएवढी फट जाणवली तरी ठेवून द्या. मग एक डोळा मिटून पात्याच्या पाठीवरून बंदूक रोखल्यासारखं टोकाकडे पाहा, रेषा सरळ दिसली पाहिजे. मुठीला रबर हवं, कारण आपल्याकडे हात घामाने ओला असतो, नाहीतर पावसाने. ऑनलाइन मागवली तर हे सगळं परत करायच्या मुदतीत घरी करा. फोटोत सगळ्याच करवती सारख्या दिसतात.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. आपल्याकडे फाल्कन सहज मिळते आणि घरगुती कामाला पुरते. जपानच्या सिल्की आणि एआरएस, स्वीडनची बाहको, स्वित्झर्लंडची फेल्को ही रोज छाटणीवरच पोट असलेल्या माणसांची हत्यारं. कापतात लोण्यासारखी, आणि म्हणूनच शिकाऊ हातात मला त्यांची थोडी भीती वाटते. वर्षातून चार दिवस छाटणी करणाराने सुरुवातीलाच त्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. पहिला मोसम मध्यम करवतीवर काढा. उरलेल्या पैशांत डाव्या हातासाठी जाड चामड्याचा हातमोजा आणि एक चष्मा घ्या. हातमोजा डाव्या हातालाच. उजव्याला नसला तरी चालतो, मला तर उजव्या हातात मूठ उघडीच बरी वाटते. चष्मा शोभेचा समजू नका. डोक्यावरची फांदी कापताना भुसा सरळ डोळ्यात येतो, आणि आंब्याच्या चिकाचा थेंब डोळ्यात गेला तर दिवस संपला. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. चीक अंगावर उतला की काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

डावा हात कुठे, हे आता नीट सांगतो. कापायच्या जागेपासून निदान एक वीत लांब, आणि शक्यतो कापाच्या वरच्या किंवा मागच्या अंगाला. पात्याच्या वाटेत कधीच नाही. उजव्या हाताखालून डावा हात घालून फांदी धरायची वेळ आली तर थांबा, पाय हलवा, दुसरीकडून या. माझ्या पाहण्यात बऱ्याच जखमा शेवटच्या दोन हातांत होतात. फांदी सुटायला आलेली असते, आपल्याला घाई असते, आणि लाकडाचा अडसर एकदम संपतो. पाऊण फांदी कापून झाली की वेग निम्मा करा. अंगठ्याने पात्याला वाट दाखवायची सुतारी सवय तर विसरूनच जा, तुमचा अंगठा बहुधा तिथेच सापडला.

तरीही लागलंच, तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून हात वर धरून बसा, दहा मिनिटं मध्ये उघडून न बघता. करवतीची जखम सुरीसारखी सरळ नसते, दात मांस फाडत जातात आणि भुसा आत राहतो. म्हणून ती दवाखान्यात धुऊन घ्यावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते डॉक्टरांना सांगावं. हळद, चुना, पाल्याचा रस नको.

आता कापायचं कुठे. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण करवत वाईट असेल तर तुमचा हात दुखेल, पण जागा चुकली तर झाड दहा वर्षं भोगेल.

तुमच्या कलमाजवळ जा आणि खोडाला फांदी जिथे फुटते तिथे बोट फिरवा. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक काळपट खरखरीत सुरकुती लागेल. खालच्या बाजूला फांदीच्या बुडाशी एक फुगवटा असतो, बांगडी रुतलेल्या मनगटासारखा. काही फांद्यांवर तो डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागतो. जखम भरून काढणारं झाडाचं सगळं सामान त्या फुगवट्यात असतं. काप त्याच्या लगेच बाहेर, सुरकुतीच्या बाहेरून किंचित तिरका घ्यायचा. फुगवटा कापला तर जखम मोठी होते आणि भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, आणि पाणी आत झिरपतं. पूर्वी सगळीकडे फांदी खोडाला अगदी सपाट लावून कापायची रीत होती, आम्हीही तशीच शिकलो. दिसायला फार सुबक. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं, की झाड माणसासारखी जखम ‘बरी’ करत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करून तो कोंडून टाकतं, आणि सपाट कापाने आपण ती भिंतच उडवतो. हे कळल्यावर मी जुन्या बागांतले माझेच काप जाऊन पाहिले. बघवले नाहीत.

दोन इंचांपेक्षा जाड फांदी एका कापात कधीच उतरवायची नाही. वरून कापत गेलात की अर्ध्यावर फांदी आपल्या वजनाने खाली झुकते, मोडते आणि जाताना खोडाची साल हात-दीड हात सोलून नेते. माझ्या हातून एका हापूसला असं झालं होतं. पांढरं लाकूड वीतभर रुंद उघडं पडलं. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा भुसा दिसायला लागला, आणि तीन वर्षांत त्या अंगाची निम्मी वाढ गेली. मालकाने काही म्हटलं नाही, हेच जास्त लागलं.

म्हणून तीन काप. पहिला खालून, खोडापासून फूटभर बाहेर, जाडीच्या पाव हिश्श्यापर्यंत. त्याहून खोल गेलात तर फांदी बसते आणि पातं आवळलं जातं. दुसरा वरून, पहिल्या कापाच्या दोन बोटं बाहेर. फांदी मोडेल, पण साल खालच्या कापापाशी येऊन थांबेल. आता हातात फूटभराचा हलका खुंट उरतो. तो डाव्या हाताने धरून तिसरा काप फुगवट्याबाहेर सावकाश, स्वच्छ घ्यायचा. पातं अडकलंच तर पिळू नका, पिळल्यानेच ते वाकतं. फांदीचं टोक कोणाला तरी किंचित उचलायला सांगा, खाच उघडली की पातं आपोआप सुटतं.

फांदी कुठे पडणार ते आधी बघा. चार इंच जाडीची, आठ-दहा फूट लांबीची आंब्याची ओली फांदी पाल्यासकट पंचवीस-तीस किलो सहज भरते. खाली कौलं, पंप किंवा तुळशीवृंदावन असेल तर दोरी बांधून, वरच्या बेचक्यातून घेऊन, खाली एका माणसाने तणाव सोडत उतरवायची. दोरी हाताला गुंडाळून मात्र कोणी उभं राहायचं नाही.

शिडीबद्दल एक घडलेली गोष्ट. एका घरी मालक फांदीला शिडी टेकवून त्याच फांदीचं टोक कापत होते. शिडी टेकली होती तिथून आत नव्हे, चांगलं चार फूट बाहेर कापत होते, त्यामुळे त्यांच्या मते सगळं ठीक होतं. टोक सुटलं, ओझं गेलं, आणि शिडी टेकलेला फांदीचा भाग फूटभर वर उचलला. शिडीला टेकू राहिला नाही. खाली पाचोळ्याचा ढीग होता म्हणून मनगटावर निभावलं. जी फांदी हलकी होणार आहे तिला शिडी टेकवायची नाही, खोडाला टेकवून वर बांधायची. आणि शिडीवर असताना दोन्ही हात करवतीत गुंतणार असतील, तर ते काम शिडीवरचं नाहीच. खांद्याच्या वर हात न्यावा लागला की खाली उतरा.

उंचावरच्या फांद्यांना लांब दांड्याची करवत मिळते. मला ती आवडते. तिच्याने जमिनीवर उभं राहून काम होतं, पण बरोबर खाली उभं राहायचं नाही, बाजूला सरून दांडा तिरका धरायचा. डोक्यावर हेल्मेट, दुचाकीचं चालेल. बहुतेक दांडे ॲल्युमिनियमचे असतात. विजेच्या तारेपासून फांदी, दांडा आणि तुम्ही, तिघंही निदान दहा फूट लांब हवेत. त्याहून जवळ असेल तर महावितरणच्या लाईनमनला सांगा, तो लाईन बंद करून घेईल. बांबूचा दांडा चालतो असं लोक सांगतात. ओल्या बांबूतून वीज जाते, आणि आपल्याकडे बांबू वर्षातले किती महिने कोरडा असतो?

आणखी एक, वाऱ्याने पडलेल्या झाडाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे आम्ही पडलेल्या बागा मोकळ्या करत होतो. आडव्या पडलेल्या झाडाखाली दाबली गेलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. माझ्या शेजारी एका पोराने मनगटाएवढ्या फांदीला करवत लावली आणि तिसऱ्या हाताला ती सुटून त्याच्या कानाजवळून गेली. अशी वाकून ताणलेली फांदी दिसली तर घरच्या करवतीने तिला शिवू नका.

तुमच्या झाडांपैकी शेवग्यावर कधीही चढू नका, शिडीही टेकवू नका. त्याचं लाकूड भुसभुशीत, फांदी न सांगता मोडते. जमिनीवरूनच लांब दांड्याने कापा, शेंगा संपल्या की खुशाल खाली आणा, तो फुटतोच. चिकूचं लाकूड चिवट आणि चीक त्याहून. च्युइंगमचा मूळ डिंक चिकूच्याच चिकापासून काढत, यावरून तो पात्यावर कसा बसेल याची कल्पना करा. फणस कापताना आपण सुरीला आणि हाताला खोबरेल लावतो ना, तसंच करवतीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी लावून मगच चिकूला हात घाला. काम झाल्यावर रॉकेलच्या बोळ्याने पुसा. पेरूचं सांगितलंच. लिंबाला काट्यांमुळे कोपरापर्यंत हातमोजा लागतो. खैऱ्या रोगाची, म्हणजे खरबरीत डाग पडलेली फांदी कापली असेल तर पुढच्या झाडाला जाण्याआधी पातं स्पिरिटने पुसून घ्या, केमिस्टकडे मिळतं ते चालेल. ब्लीचच्या पाण्याने जंतू मरतात, पण पातंही गंजतं.

कलमावर चढायच्या आधी तांबड्या मुंग्या, आपली ओंबील, पानं चिकटवून घर करून बसलीत का बघा. हातात करवत असताना ओंबील चावली की माणूस करवत विसरतो.

वेळ म्हणाल तर बारीकसारीक, सुकलेलं, आतली गर्दी मी आंबे उतरल्यावर लगेच काढतो. मोठ्या फांद्या पाऊस उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. भर पावसात नाही. साल निसरडी, पाय निसरडा आणि बुरशीला आमंत्रण. घर नगरपरिषदेच्या हद्दीत येत असेल तर मोठ्या फांद्यांना हात लावण्याआधी तिथे विचारून या. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा शहरी भागात स्वतःच्या आवारातल्या झाडांनाही लागू आहे.

कापावर काय लावायचं, यात दोन मतं आहेत. शायगोंच्या मते काहीही लावू नये, लेप लावून कूज थांबत नाही. आपल्याकडे बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायची शिफारस आहे. मी मधला माणूस. बोटाएवढ्या कापाला काही लावत नाही, पण आंब्याच्या दोन इंचांवरच्या कापाला पेस्ट लावतोच, कारण आपला पाऊस आणि आपली भिरुडं अमेरिकेत नाहीत. घरापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवा आणि मग ढवळत एकत्र करा. जमलं की नाही हे बघायला घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. खिळाच बुडवा, करवत नको. हे सांगायची पाळी माझ्यावर एकदा आली आहे. त्याच दिवशी वापरून टाका. डांबर आणि ऑइलपेंट मात्र लावू नका, ओल आत कोंडते.

करवतीची निगा म्हणजे पुसणं. कोकणात जुलैमध्ये ओली ठेवलेली करवत सकाळी तांबडी झालेली असते. चीक काढा, कोरडी करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, बिजागरीत एक थेंब सोडा. खोबरेल कामाच्या वेळेपुरतं चांगलं, महिनोन्‌महिने ठेवलं तर चिकट होतं. म्यानातली असेल तर ओली म्यानात घालू नका. घडी करताना बोटं पात्याच्या खोबणीत येतात, तेव्हा तळहाताने पात्याची पाठ दाबून मिटायची. आणि कापून झाल्यावर उघडी करवत गवतात टाकायची नाही, एका फांदीला अडकवून ठेवायची, दिसेल अशी. मुठीला लाल चिंधी बांधलेली बरी.

ती वाकलेली करवत टाकू नका. पातं सपाट दगडावर ठेवून लाकडी ठोकळ्याने हळू सरळ करा. फांद्यांना ती आता नको, पण कुंपणाकडची मुळं कापायला लागतातच. मातीत दोन मिनिटं चालवली की नव्या करवतीची धार जाते. तिथे हीच वापरा.